आत्या गेली, सांगायला आत्याचाच फोन

भुताखेतांवर माझा विश्वास असता, तर मी हॉरर ट्रेलर बनवायला घेतलाच नसता. हे आधीच सांगून ठेवते, कारण इथे कुणी काही लिहिलं की कमेंटमध्ये लगेच 'मनाचे खेळ' सुरू होतात. मी साऊंड आणि एडिटिंग शिकते. कोबीचं पान पिळून मान मोडल्याचा आवाज कसा काढतात, साध्या दरवाजाच्या करकराटाची पट्टी खाली खेचून त्याचं हुंकारणं कसं करतात, हे सगळं मी स्वतः केलंय. त्यामुळे मला घाबरवणं तसं कठीण काम... म्हणजे होतं.

कॉलेजची असाइनमेंट अशी की न बनलेल्या सिनेमाचा फक्त ट्रेलर करायचा. माझा पार्टनर ओंकार, माटुंग्याचा. कॅमेरा आणि दिग्दर्शन त्याचं, बाकी सगळं माझं (हे त्याला मान्य नाही, पण ते असो). गोष्ट आम्ही दोघांनी मिळून काढली. कुसुम नावाची एकटी राहणारी बाई मरते आणि आपण गेल्याची बातमी स्वतःच नातेवाइकांना फोन करून देते. ऐकायला बरी होती, आणि मुख्य म्हणजे एका खोलीत होण्यासारखी होती.

खोली आणि कुसुम, दोन्ही आमच्या घरचीच. डिलाईल रोडला आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो, आणि त्याच गॅलरीत चार दारं सोडून मंदाआत्या. बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, साड्यांना फॉल लावते आणि कुणाच्या बापाला घाबरत नाही. तरुणपणी ती कामगार नाटकांतून कामं करायची. तिच्या वाट्याला बहुतेक आईच्या भूमिका यायच्या, आणि त्या आया दुसऱ्या अंकात हटकून मरायच्या. तिला कुसुमबद्दल सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे या वयात पण मरायचंच काम? आण, करते."

शूटिंग भर दुपारी केलं. खिडकीला काळी चादर ठोकली, दाराच्या फटीत टॉवेल कोंबले. आधी फोनचा संवाद रेकॉर्ड केला. जुन्या लँडलाइनचा रिसिव्हर कानाला लावून आत्या म्हणाली, "हॅलो... मी बोलतेय. कुसुम गेली. आज दुपारी गेली. लवकर या." एका टेकमध्ये ओके. आवाजात रडणं नाही, काही नाही, आज भाजी काय केली ते सांगावं तसं. माझ्या अंगावर काटा आला आणि मी खूश झाले, कारण मार्क तिथेच होते.

मग प्रेताचा शॉट. नाकात कापूस घालून आत्या जमिनीवर आडवी झाली. पण त्याआधी तिने ओंकारला दम भरला.

"हे बघ बाळा, मेल्याचं काम केलं की कॅमेऱ्यासमोर उठून हसायचं असतं. ते शूट करायचं. सिनेमात लावू नकोस, पण घ्यायचं. नाटकात पण आम्ही पडदा पडला की उठून हसल्याशिवाय विंगेत जायचो नाही."

"शंभर टक्के, आत्या," ओंकार म्हणाला.

शॉट चालू असतानाच गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!" आमच्याकडे दुपारचं पाणी येतं आणि आलं तसं जातं. चाळीतली बाई मेली तरी पाण्याला उठेल असं आई म्हणते, ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. आत्या ताडकन उठली आणि कापसाचे बोळे नाकात तसेच ठेवून बादल्या घेऊन बाहेर पळाली. नळावर शेजारच्या काकूंनी तिला पाहून किंकाळी फोडली. आम्ही दोघं हसून हसून लोळलो. सगळे हसले, एक आत्या सोडून. ती पिंप भरत होती. पाणी भरून होईपर्यंत ओंकारने कॅमेरा पॅक केला होता, तो कॉलेजला परत द्यायचा होता.

"अरे, माझं हसायचं राहिलं की," आत्या दारात पदराने हात पुसत म्हणाली.

"उद्या-परवा मोबाइलवर घेऊ ना आत्या," मी म्हटलं. तिला ते आवडलं नव्हतं.

पहिला फोन गावाहून आला. कणकवलीकडे बाबांच्या चुलत घरातल्या बयोकाकी आहेत, त्यांच्या मुलाने बाबांना विचारलं, "मंदाताई गेली म्हणान फोन इलो, ता खरा काय?" बाबा चिडले. कुणाची तरी मस्करी म्हणून विषय संपला. आत्याला सांगितलं तर ती उलट खूश. "मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं. वाढू दे, फॉलच्या साड्या पुष्कळ पडल्यात."

नंतर एका दुपारी डोंबिवलीचा माझा चुलतभाऊ दिनेशदादा बायकोला घेऊन आला. हातात हार. गॅलरीत पाऊल टाकताच वहिनीने हंबरडा फोडला. आत्या मशीनवरून उठून बाहेर आली आणि म्हणाली, "काय झालं गं? कोण गेलं?"

दादा मटकन तिथेच बसला. पाणीबिणी पाजल्यावर त्याने आम्हाला मोबाइल दाखवला. इनकमिंग कॉल, नाव 'मंदाआत्या', दुपारची वेळ. आत्याच्या फोनमध्ये तसा कुठलाही कॉल नव्हता.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, 'मंदा गेली. दुपारी गेली. येवक् जमात तर ये.' मी विचारलं, कोण बोलतंय? तर म्हणाली, 'मीच रे.'"

हार कुठे ठेवायचा ते कुणाला कळेना. शेवटी वहिनीने तो पिशवीत घालून परत नेला.

माझा संशय सरळ ओंकारवर गेला. व्हॉइस क्लोन करायला हल्ली काय लागतं? मी त्याला कॉलेजच्या कँटीनमध्ये गाठलं आणि सगळ्यांसमोर झापलं. त्याचा चेहरा पडला.

"अगं, तिची ऑडिओ फाइल तुझ्याच लॅपटॉपवर आहे. तू मला अजून दिलेलीही नाहीस. आणि रेकॉर्डिंगमध्ये ती 'कुसुम' म्हणाली होती ना? तेही शुद्ध मराठीत. मला मालवणी येते का? सांग ना, येते?"

येत नाही. 'खय' (कुठे) आणि 'हय' (इथे) यातला फरक त्याला आजही कळत नाही. शिवाय दिनेशदादाचा नंबर त्याच्याकडे असायचं कारण नव्हतं. मी सॉरी म्हटलं, पण संशय मनातून गेला नाही. फाइल पुन्हा ऐकली. कुसुम, आज दुपारी, लवकर या. एवढंच, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

फोन थांबले नाहीत. आणि मला अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे ते जवळ येत होते. गाव झालं, डोंबिवली झाली, मग लालबागची मावसबहीण, मग आमच्याच चाळीतल्या खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकी. नेहमी दुपारी, नेहमी आत्याचाच आवाज. आम्ही आत्याचा फोन बंद करून ठेवला. सिमकार्ड काढलं. तरी सावंतकाकींना कॉल आलाच. ओळखीच्या एका मोबाइलवाल्याने सांगितलं की हल्ली कुणाच्याही नंबरवरून फोन आल्यासारखं दाखवता येतं. मला इतकं हायसं वाटलं! पण मग सावंतकाकी म्हणाल्या, "मी तिला विचारलंय, मंदा, माझी पैठणी फॉल लावूक दिलेली ती खय आसा? तर म्हणाली, कपाटात, वरच्या कप्प्यात." पैठणी तिथेच होती.

आत्याचं हसणं आता बंद झालं होतं. लोक यायचे, रडायचे, तिला बघून सुटकेचा निःश्वास टाकायचे. आणि मग कुणी तिला हात लावायचं नाही. चहा दिला तर कप तिच्या हातातून न घेता खाली ठेवायला सांगायचे. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, तिने दाखवून दिलं.

"तन्वे, मला चिमटा काढ."

"काहीतरीच काय आत्या?"

"काढ म्हणते ना!"

मी काढला. तिने हाताकडे बराच वेळ पाहिलं. "लागतंय," म्हणाली. "मग मी इथे असताना तिकडून बोलते ती कोण गं? आणि तिला एवढी घाई कसली?"

मी तिच्या गळ्यात पडले, नेहमीपेक्षा घट्ट. तिच्या खांद्याचं हाड हाताला लागलं. ती जेवत नव्हती. डबा आम्ही द्यायचो, तो तसाच परत यायचा. म्हणायची, घास खाली उतरत नाही, कुणीतरी वाट बघत बसल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं आणि टेन्शन घेऊ नका म्हणाले. घेऊ नका म्हणे! दुसरं काय घेणार होती ती? मला खरोखर भीती वाटायला लागली होती की ही अशीच जाईल, आणि मग सगळे म्हणतील, आम्हाला आधीच कळलं होतं.

मग बाबांना फोन आला. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. बाबांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. टॅक्सी करून घरी आले आणि बूट न काढता थेट आत्याच्या खोलीत शिरून तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. आत्या त्यांच्या केसांतून हात फिरवत राहिली. नंतर ते मला म्हणाले, "मी विचारलं, ताई, तू कुठून बोलतेस? म्हणाली, घरातूनच."

त्याच संध्याकाळी आईने फर्मान काढलं. "त्या मुलाला बोलव. ते हसायचं राहिलंय ना, ते आधी घ्या. पटो न पटो, घ्या."

ओंकार दुसऱ्याच दिवशी कॉलेजचा तोच कॅमेरा घेऊन आला. दुपारची वेळ, पुन्हा काळी चादर, पुन्हा कापूस. आत्या आडवी झाली. ओंकारने कट म्हटलं, कॅमेरा चालू ठेवला. आत्या उठून बसली, कापूस काढला आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. हसू येईना. आम्ही सगळे तिच्याकडे बघत उभे. शेवटी ओंकार म्हणाला, "आत्या, पाणी आलं!" आणि ती हसली. एवढी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, बाबा हसले, मी हसले. चला, संपलं एकदाचं, असं मला वाटलं.

ओंकार ट्रायपॉड मिटत होता तेव्हा माझा फोन वाजला.

स्क्रीनवर 'आत्या'. आत्या समोर. तिचा फोन शिलाई मशीनवर, बंद, सिमकार्ड बाजूला काढून ठेवलेलं. बाबा म्हणाले, "कट कर." पण आत्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला.

"बोल."

पलीकडचं आम्हाला काही ऐकू आलं नाही. मी साऊंडची विद्यार्थिनी, आणि स्पीकरवर टाकायचंसुद्धा मला सुचलं नाही.

"आसंय गो मी. हयसरच आसंय," आत्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "काय ता माका सांग. त्या चेडवाक कित्याक भियवतंस?" म्हणजे त्या पोरीला, मला, कशाला घाबरवतेस.

मग ती ऐकत राहिली. मध्ये एकदा "नाय" म्हणाली. पुन्हा ऐकत राहिली, मान हलवत, आपल्या माणसाचं ऐकावं तशी. मग फोन माझ्या हातात दिला आणि आईला म्हणाली, "भात आहे का गं काल-आजचा?"

त्या दिवसापासून एकही फोन आला नाही, कुणालाच.

ट्रेलर आम्ही दिला. कुसुमचा आवाज दुसऱ्या मुलीकडून करून घेतला. सरांनी मार्क बेताचेच दिले आणि फोनचा भाग पटत नाही असा शेरा मारला. यावर मी काय बोलणार? ओंकारशी मी हे सगळं उलटंपालटं करून पाहिलंय. बनावट नंबर धरला तर पैठणीचं कोडं सुटत नाही. आत्याच झोपेत फोन करत होती म्हणावं, तर शेवटच्या वेळी ती माझ्यासमोर जागी होती. चाळीतल्याच कुणी खोडी काढली म्हणावं, तर ते माणूस कोण आणि आत्याने सांगितल्यावर गप्प का बसलं? तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी वाद घालणार नाही. माझ्याकडचे सगळे तर्क संपलेत. दुपारी कुणाचाही फोन आला तरी मी अजून आधी नाव दोनदा वाचते.

पलीकडून काय म्हणाली, ते आत्याने बरेच दिवस सांगितलं नाही. परवा मात्र ती निवांत होती, ताट समोर घेऊन बसली होती, म्हणून मी पुन्हा विचारलं.

"विचारत होती, जेवलंस काय म्हणान," आत्या म्हणाली.

"मग तू?"

"खरा ता सांगितलंय. नाय म्हटलंय."

"मग?"

आत्याने भातावर आमटी ओतली, शांतपणे कालवली. "मग म्हणाली, आधी जेवन् घे. मी थांबतंय."

आत्या आता रोज जेवते, पण फार सावकाश जेवते. आमच्या घरात तिला कुणी घाई करत नाही.