मांडीवरचा हात

ओंद्रेय बार्टकोला खाणीने नाही म्हटलं, हे आमच्या वस्तीत कोणाला खरंच वाटेना. खाण कधी कोणाला नाही म्हणते का? पेनसिल्व्हेनियातल्या या कोळशाच्या डोंगरात स्लोवाक आईच्या पोटी पोरगा जन्माला आला की त्याची जागा खाली ठरलेलीच. आणि हा तर युद्धावरून परत आलेला, हातपाय शाबूत, खांदे बैलासारखे. पण डॉक्टरने विचारलं आणि हा बाबा खरं बोलून बसला. "डावा कान गेलाय. जर्मनीत तोफेचा गोळा शेजारीच फुटला. उजव्या कानाने समोरच्याचं बोलणं कळतं, पण बारीक आवाज येत नाही."

डॉक्टरने तिथल्या तिथे मान हलवली. त्याचंही चुकलं नाही म्हणा. खाणीचं छत पडायच्या आधी बोलतं. लाकडाचे टेकू करकरतात, वरून खडे टपटपतात. ज्याने ऐकलं तो पळाला, ज्याने नाही ऐकलं त्याची मेणबत्ती आम्ही चर्चमध्ये लावतो. बहिरा माणूस स्वतः तर मरतोच, वर शेजाऱ्यालाही घेऊन जातो.

ओंद्रेयचा बाप मिहाल. जन्मभर कोळसा खणून त्याची छाती कामातून गेली होती, दिवसभर खिडकीत बसून खोकायचा. तो भडकला. "तुला कोणी विचारलं होतं रे? मोठा सत्यवादी लागून गेलास! कानात बोट घालून बघणार होता का तो डॉक्टर?"

"विचारलं त्याने, बाबा."

"विचारलं तर विचारलं! आता खा तुझं खरं, कांदा घालून!"

बापाचं बोलणं ओंद्रेयच्या मनात घर करून बसलं. कानाबद्दल पुन्हा म्हणून कोणाकडे तोंड उघडायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं. एवढ्या एका गोष्टीने त्या माणसाचा घात केला, हे मी आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढे तुम्ही भलत्यालाच शिव्या द्याल.

युद्धाआधी ओंद्रेय खाणीच्या बेसबॉल संघात कॅचर होता, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा. रविवारी प्रार्थना आटोपली की अख्खी वस्ती मैदानावर लोटायची. ते बेसबॉलचं वेड होतंच. आता खेळाडू म्हणून घ्यायला त्याचं वय उलटून गेलं होतं, पण युद्ध संपल्यावर गावोगावी पगारी संघ उभे राहत होते आणि पंचांचा तुटवडा होता. परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाची फी सरकार भरत होतं. फ्लोरिडात पंचांची एक शाळा आहे असं ओंद्रेयला कळलं आणि त्याने गाठोडं बांधलं.

"पंच?" मिहाल म्हणाला. "अख्खं गाव ज्याला आईबापावरून शिव्या देतं, तो?"

"मला ऐकूच येणार नाहीत ना, बाबा! माझ्याइतका लायक पंच देशात सापडायचा नाही."

म्हातारा इतका हसला की खोकल्याने निळा पडला. पाठ चोळावी लागली. त्या घरातलं ते शेवटचं मोठं हसू.

शाळा हॅगर्टी नावाच्या एका म्हाताऱ्या पंचाची. लीगवाले, म्हणजे पगारी सामने भरवणारे, त्याच्या शब्दावर माणसं उचलायचे. पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांचे डोळे तपासले. एक डोळा झाका, दुसरा झाका, लांबची अक्षरं वाचा. ओंद्रेयचे डोळे घारीचे. कानाचं कोणी विचारलंच नाही, आणि यानेही सांगितलं नाही. हॅगर्टीने शेवटी सगळ्यांना एकच विचारलं, "आणखी काही सांगायचंय कोणाला?" तेव्हा केंटकीच्या तंबाखूच्या शेतातला क्लेम टार्पली नावाचा एक उंच गडी पुढे झाला, पट्टे सोडले आणि गुडघ्याखालचा लाकडी पाय काढून टेबलावर ठेवला.

"हा इटलीच्या आघाडीवर बदलून मिळाला," क्लेम म्हणाला. "मूळचा जास्त बरा होता."

हॅगर्टीने पाय उचलून पाहिला, खाली ठेवला. "पळता येईल तोवर राहा. नाही आलं तर मी सांगेन."

ओंद्रेयच्या तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं, असं तो पुढे सांगायचा. पण खिडकीतल्या बापाचा आवाज आठवला आणि तो गप्प बसला.

दुसऱ्याच दिवशी पायाखालची जमीन सरकली. पहिल्या बेसवरचा, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या पहिल्या ठाण्यावरचा पंच काय करतो? धावणाऱ्याचा पाय आणि फेकलेला चेंडू एकदमच येतात. दोन्हीकडे बघता येत नाही. हॅगर्टी ओरडून शिकवायचा, "डोळा पायावर, कान हातमोज्यावर!" पाय पडला ते दिसतं, चेंडू झेलणाऱ्याच्या हातमोज्यात बसला की फट्कन् वाजतं. आधी काय, त्यावरून बाद की नाबाद. ओंद्रेयच्या कानात काही वाजतच नव्हतं.

पण गडी हटला नाही. दोन पावलं मागे सरून उभा राहायला लागला. तिथून धावणाऱ्याचा पाय आणि झेलणाऱ्याचं मनगट एका नजरेत बसे; चेंडू बसला की मनगट झटका खातं. तो झटका त्याने डोळ्यांनी ऐकायला शिकून घेतला. काही दिवसांत त्याचे निर्णय सगळ्यांपेक्षा चोख यायला लागले. हॅगर्टीने त्याच्या पाठीवर थाप मारली. हा तर हरखलाच!

अडलं ते फलंदाजाच्या मागे उभं राहताना. तिथे चेंडू कधीकधी बॅटीला नुसता चाटून जातो. दिसत नाही काही, फक्त 'टिक्' वाजतं. तीन चेंडू चुकले की फलंदाज बाद. समजा त्याचे दोन चुकलेत, तिसऱ्यालाही त्याने बॅट फिरवली आणि चेंडू कॅचरच्या हातून निसटला; 'टिक्' वाजलं असेल तर तो वाचला, नसेल तर बाद. एवढ्याशा आवाजावर माणसाचं नशीब! आणि नेमका तोच आवाज जर्मनीत राहिलेला.

हे ओळखलं क्लेमने. एकदा मागून हाक मारून मारून थकला, मग समोर येऊन उभा राहिला.

"ओंड्या, तुला डावीकडून काहीच ऐकू येत नाही ना रे?"

"तुझं केंटकीचं बोलणं उजवीकडूनसुद्धा कळत नाही मला."

"उडवाउडवी नको करूस. हॅगर्टीला सांगून टाक. माझा पाय चालवून घेतला ना त्याने?"

"तुझा पाय त्याला दिसतो, गड्या. माझा कान कोणाला दिसतो? मी एकदा सांगून बघितलंय. दार तोंडावर लावलं." बोलता बोलता त्याचे डोळे भरले. "हे पण गेलं तर मी बापापुढे कुठल्या तोंडाने जाऊ?"

क्लेम विरघळला. त्याने एक खूण काढली. ओंद्रेय मागे असेल तेव्हा क्लेम मैदानात समोर उभा असे. 'टिक्' ऐकू आलं की तळवा मांडीवर एकदा घासायचा, घाम पुसल्यासारखा. बदल्यात लांब पळायची वेळ आली की ओंद्रेयने मागून धावत येऊन तिसरा बेस सांभाळायचा, म्हणजे क्लेमच्या पायावर ताण नाही. "दोघांत मिळून एक सबंध माणूस होतो बघ," क्लेम म्हणायचा. "वर एक कान आणि अर्धं डोकं शिल्लक!" आणि खरंच, ती जोडी अशी जमली की शाळेत त्यांच्यासारखी दुसरी नव्हती.

शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशीच्या सामन्यावरून हॅगर्टी माणसं निवडणार होता. उन्हाने मैदान भाजून निघत होतं. ओंद्रेय मागे, क्लेम समोर. सामना उत्तम चालला होता. दोनदा 'टिक्' वाजलं, दोनदा हात फिरला, दोनदा ओंद्रेयने बरोबर सांगितलं. क्लेमचा पट्टा सकाळपासून पायाला काचत होता, कातडं सोलून निघालं होतं, पण आजच्या दिवशी तो ते कशाला सांगतोय!

शेवटाकडे एका फलंदाजाचे दोन चुकले होते. तिसऱ्याला त्याने डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू कॅचरच्या मोज्याला आपटून मातीत पडला. आणि त्याच क्षणी क्लेमच्या पायातून कळ गेली, आणि बिचाऱ्याचा हात आपोआप मांडीवर गेला.

"फाउल!" ओंद्रेय गरजला, म्हणजे चेंडू बॅटीला चाटला, गडी वाचला.

फलंदाज बॅट टाकून निघालासुद्धा होता. बाद झाल्याचं त्याला स्वतःला ठाऊक होतं. तो थांबला, वळला, आणि फिदीफिदी हसत परत आला. मैदानभर हशा पिकला. कॅचरने मोजा जमिनीवर आपटला. क्लेम पांढराफटक पडला होता. ओंद्रेयने त्याच्याकडे पाहिलं आणि काय झालं ते त्याला उमगलं. पण पंच दिलेला निर्णय फिरवत नाही. आणि फिरवला असता तरी काय सांगणार होता, मित्राचा पाय दुखला म्हणून?

सामना संपल्यावर हॅगर्टीने त्याला कुंपणापाशी बोलावलं. समोर काही अंतरावर क्लेम बाकावर बसून पट्टे सैल करत होता.

"काय ऐकलंस तू?" हॅगर्टीने विचारलं.

"टिक् वाजलं, साहेब."

"फलंदाज स्वतः निघाला होता, बार्टको."

"मी माझ्या कानांनी ऐकलं."

अरे वेड्या! काय बोललास तू हे! तेव्हा तरी खरं सांगायचं होतंस! पण खूण सांगितली तर क्लेमही बुडाला असता, आणि कान सांगितला तर आपण बुडू, असं त्याला वाटलं. क्लेम सांगायला उठायला लागला तशी ओंद्रेयने मान हलवून त्याला बसवलं.

हॅगर्टीने खिशात हात घातला. चिरूट काढला, पेटवायला वाऱ्याचा आडोसा बघावा तसा चालत ओंद्रेयच्या पाठीमागे, डाव्या अंगाला गेला. ओंद्रेय तसाच ताठ उभा. समोर बाकावर क्लेम. त्याचा तळवा मांडीवर फिरला. पुन्हा फिरला. तो मांडी घासत सुटला, वेड्यासारखा, डोळ्यांत पाणी आणून.

किती दुखतोय बिचाऱ्याचा पाय, ओंद्रेयच्या मनात आलं. आपल्यामुळे हा आता मनाला लावून घेतोय. त्याने क्लेमकडे बघून हसून हात केला, की राहू दे रे, तुझा काही दोष नाही.

मग हॅगर्टी समोर येऊन उभा राहिला. चिरूट पेटवलेलाच नव्हता. डोक्यावरची टोपी त्याने काढून हातात घेतली होती.

"मी आत्ता मागून काय म्हणालो तुला?" त्याने अगदी हळू विचारलं. ओंद्रेयने त्याचे ओठ वाचले.

तो क्लेमकडे बघायला लागला.

"क्लेमने पहिल्या दिवशी पाय माझ्या टेबलावर ठेवला. तुझा कान मला आज दिसला."

"तेव्हाच सांगितलं असतं, तर घेतलं असतं का मला?"

"ते आता कशाला विचारतोस, पोरा?" हॅगर्टी म्हणाला आणि निघून गेला.

बसच्या थांब्यावर क्लेमने त्याला सांगितलं. समोर उभं राहून, एकेक शब्द सावकाश उच्चारून. "हॅगर्टी तुझ्या मागून म्हणाला, 'बार्टको, एक चूक कोणाचीही होते. नोकरी हवी असेल तर मागे वळ.' दोनदा म्हणाला रे. मी मांडी घासून सांगत होतो तुला. जीव तोडून सांगत होतो!"

ओंद्रेय घरी आला.  बापाने खिडकीतलं आपलं पांघरूण सरकवून त्याला शेजारी जागा करून दिली. पानगळीच्या आधीच म्हातारा गेला. ओंद्रेयला पुढे कोळसा फोडायच्या गिरणीत काम मिळालं, वाहत्या कोळशातून दगड वेचायचं. आमच्याकडे ते काम म्हाताऱ्यांचं आणि अधू माणसांचं. तिथे यंत्रांचा इतका गदारोळ, की सगळे सारखेच बहिरे. क्लेमला नोकरी लागली. दोन उन्हाळे केली त्याने, मग सोडली. तिसरा बेस सांभाळणारा तसा सोबती पुन्हा भेटला नाही, म्हणाला.

ओंद्रेयने लग्न केलं नाही. रविवारी मात्र मैदानावर येतो, पहिल्या रांगेत बसतो, सूर्यफुलाच्या बिया सोलतो. आम्ही बायका त्याच्या उजव्या बाजूला बसतो, म्हणजे बोलता येतं. उन्हाचे दिवस, पोरांचे हात घामाने ओले. एखादा तळवा पुसतोच पँटीला. तसं कोणी मांडीवर हात घासला, की ओंद्रेय झटकन् मागे वळून बघतो. मागे नुसतं कुंपण असतं.