बागेखाली पुरलेलं तळं

बदलापुरात आमच्या इमारतीच्या मागे एक खोलगट जागा होती. लव्हाळा माजलेला, काठावर करंज आणि जुने उंबर. सोसायटीतले लोक तिला ‘डबकं’ म्हणायचे. पावसाळ्यात टेकडीकडचं पाणी तिथे येऊन पसरायचं आणि गणपती गेले की हळूहळू जिरायचं. पाऊस कितीही कोसळला तरी आमच्या आवारात पाणी साचायचं नाही, ते या डबक्यामुळे.

मग ती जागा शेजारी नवं संकुल बांधणाऱ्या बिल्डरने घेतली. कुंपणाच्या पत्र्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘हवामान बदलाला निसर्गाचं उत्तर’. मी अंबरनाथच्या शाळेत भूगोल शिकवते. ते वाचून मला खरोखर आनंद झाला. वाटलं, चला, कुणाला तरी या जागेची किंमत कळली.

उन्हाळ्यात डंपर आले. लव्हाळा मुरमाखाली गाडला गेला. उंबर मधे येतात म्हणून कापले. वर पेव्हर ब्लॉक बसवले, कडेने प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलं आणि मधोमध सिमेंटचा हत्ती उभा केला. म्हणजे निसर्ग तो हा! मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला, तर सेक्रेटरी हसले. “बाई, डास गेले हे बघा ना. तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते.”

त्या जुलैमध्ये एका दुपारी पाऊस लागला. नदी पात्रातच होती, धरणाचे दरवाजेही बंद होते. नुसता पाऊस. पण टेकडीवरून आलेल्या पाण्याला पसरायला जागाच उरली नव्हती. ते त्या गुळगुळीत ब्लॉकवरून सरळ आमच्या तळमजल्यावर आलं.

तळमजल्यावर काकू राहतात, सगळ्या सोसायटीच्याच काकू. काका अर्धांगवायूने पलंगावर. काकूंची हाक ऐकून मी खाली धावले, तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत होतं आणि काकू काकांचं डोकं छातीशी धरून उभ्या होत्या. आम्ही काही जणांनी काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि जिन्याने माझ्या घरी आणलं. आयुष्यभर कुणाचा आधार न घेतलेला तो माणूस लाजेने डोळे मिटून बसला होता. खाली काकूंचं शिलाई मशीन, गिऱ्हाइकांचे ब्लाऊज, धान्य, गाद्या, सगळं गटाराच्या पाण्यात भिजत होतं.

दुसऱ्या दिवशी काकू आणि मी बिल्डरच्या मॅनेजरकडे गेलो. त्याने चहा मागवला.

“मॅडम, ढगफुटीच झाली हो. निसर्गापुढे कुणाचं चालतं?”

“निसर्ग तुम्ही मुरमाखाली पुरलात,” मी म्हणाले.

“आम्ही एक पंप देतो ना.”

काकू उठल्या. चहाला त्यांनी हातही लावला नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळी बाहेर खणखणाट ऐकू आला. काकू त्यांच्या खिडकीमागच्या बागेत पहारीने ब्लॉक उचकटत होत्या. मी गेले. मग दुसऱ्या मजल्यावरच्या सुना आल्या, नंतर, मान खाली घालून, सेक्रेटरीही आले. मॅनेजर धावत आला. “ही खासगी जागा आहे! नुकसान भरून घेईन!”

“माझ्या घरात तुमचं पाणी आलं, ते घर खासगी नव्हतं का रे?” काकू कडाडल्या.

तेवढ्यात सॅम्पल फ्लॅट बघायला आलेलं एक कुटुंब थबकलं. त्यातल्या बाईंनी विचारलं, “इथे पाणी भरतं का?”

“या ना,” काकू म्हणाल्या, “भिंतीवर कुठवर चढलं होतं ते दाखवते.”

मॅनेजरचा सूर तिथल्या तिथे बदलला. त्याच आठवड्यात आमच्या बाजूचे ब्लॉक निघाले, मुरूम उपसला गेला आणि खोल खड्डा मोकळा झाला. उरलेली बाग मात्र तशीच ठेवली.

यंदा पाणी काकूंच्या पायरीशी येऊन थांबलं. खड्ड्यात लव्हाळा आपणहून उगवला आहे. मला आनंद व्हायला हवा. पण कापलेल्या उंबरांच्या जागी आजही ब्लॉक आहेत, आणि काकूंच्या भिजलेल्या संसाराबद्दल कुणी साधी माफीसुद्धा मागितलेली नाही. उलट परवा रस्त्यावर नवी जाहिरात लागली. त्या खड्ड्याचा फोटो, खाली ‘आमचं नैसर्गिक तळं’, आणि तळ्याकडे तोंड असलेले फ्लॅट जास्त भावाने.

काकू बराच वेळ ती जाहिरात वाचत उभ्या होत्या.

“आमचं म्हणे,” त्या म्हणाल्या. “चल, त्या मॅनेजरच्या ऑफिसात जाऊ. अर्धी बाग अजून उकरायची बाकी आहे.”

आम्ही तशाच निघालो.