दाराच्या फटीतून दिसलेली मारहाण

“फक्त दोन वाक्यं आहेत, मॅडम. सिस्टरनी सही केली की विषय संपला,” असं म्हणत हॉस्पिटलच्या मॅनेजरनी टाइप केलेला कागद माझ्या टेबलावर सरकवला.

पहिलं वाक्य होतं, असा कोणताही प्रकार घडलेला नाही. दुसरं, प्रसूतीच्या वेळी डॉक्टर पूर्ण वेळ लेबर रूममध्ये हजर होते.

नसरीन सिस्टर माझ्यासमोरच बसल्या होत्या. त्यांनी कागद वाचला आणि उलटा करून ठेवला.

“मॅडम, पेशंटच्या गालावर मी मारलं होतं. आणि डॉक्टर तेव्हा थिएटरमध्ये दुसऱ्या पेशंटचं सिझेरियन करत होते.”

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागले. आता वकील हिला चार गोष्टी समजावेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी त्यांना चहा पाजला आणि म्हटलं, “कागद राहू द्या. मला आधी सिस्टरांशी बोलू द्या.” त्यांना बाहेर बसायला सांगितलेलं आवडलं नाही, पण ते बसले.

मी धुळ्यात वकिली करते. जमिनीचे आणि भाऊबंदकीचे दावे लढवणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. माझ्याकडे येतात त्या नोकरीतल्या चौकशा. कुठे शिक्षक, कुठे ग्रामसेवक, कुठे एसटीचा कंडक्टर. नर्सची केस मात्र पहिलीच होती. वकिलाला जशी सनद लागते तशी नर्सला नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. पेशंटला किंवा नातेवाइकांना नर्सचं वागणं चुकीचं वाटलं तर ते कौन्सिलकडे तक्रार करू शकतात. कौन्सिल चौकशी करते. काही चुकलेलं नसेल तर तक्रार निकाली निघते. चुकलं असेल तर ताकीद मिळते, काही काळ नोंदणी थांबते किंवा नाव कायमचं निघतं. नाव निघालं की शिक्षण, अनुभव सगळं जागच्या जागी राहतं, फक्त नर्स म्हणून काम करता येत नाही.

नसरीन सिस्टरांना हे सगळं माहीत होतं. कौन्सिलची नोटीस आल्यापासून हॉस्पिटलने त्यांना घरी बसवलं होतं. वडील पारोळ्याला शिवणकाम करायचे आणि घरातली ही पहिली शिकलेली मुलगी. नोटिशीचं त्यांनी वडिलांना सांगितलंच नव्हतं. “सुट्टी घेतलीय असं सांगितलं,” त्या म्हणाल्या. “अब्बा रोज विचारतात, सुट्टी अजून संपली नाही का?”

तक्रार होती प्रवीण नावाच्या तरुणाची. पारोळ्याजवळच्या एका खेड्यातला शेतकरी. त्याची बायको कोमल पहिल्या बाळंतपणासाठी या हॉस्पिटलात आली होती. तक्रारीत त्याने लिहिलं होतं, ‘नर्सने माझ्या पत्नीच्या तोंडात मारले व पोटावर बुक्क्या मारल्या. मी दाराच्या फटीतून हे स्वतः पाहिले आहे. त्यानंतर पत्नीची प्रकृती गंभीर झाली.’

“आता तुम्ही सांगा,” मी म्हटलं. “मला बाळंतपणातलं काही कळत नाही असं समजून सांगा.”

त्यांनी सांगितलं. बाळ झालं, रडलं, सगळं ठीक होतं. बाळ झाल्यावर गर्भाशय आकसून नारळासारखं टणक व्हायला हवं. कोमलचं झालं नाही, ते मऊच राहिलं. मऊ राहिलं की आतल्या रक्तवाहिन्या उघड्या राहतात आणि रक्त नळासारखं वाहतं. अशा वेळी पोटावरून मुठीने गर्भाशय दाबायचं, चोळायचं. हळूहळू नाही, जोर लावून. बाहेरून बघणाऱ्याला ते बुक्क्यांसारखंच दिसणार.

“आणि गालावर?”

“तिचे डोळे फिरायला लागले होते. बोलली तर जागी आहे हे कळतं. बेशुद्ध झाली तर प्रकरण हाताबाहेर जातं. एका हाताने पोट दाबत होते, दुसऱ्याने गालावर मारत होते. थिएटरच्या दाराकडे तोंड करून डॉक्टरांना ओरडून सांगत होते. ते आतून ओरडून इंजेक्शन सांगत होते. दुसरी सिस्टर इंजेक्शन भरत होती.”

डॉक्टर थिएटरमधून सुटले तोवर रक्त बरंच आटोक्यात आलं होतं. मग कोमलला अँब्युलन्सने मोठ्या दवाखान्यात नेलं, रक्त चढवलं आणि ती वाचली. पण या सगळ्यात प्रवीणला कोणीच काही समजावून सांगितलं नव्हतं. त्याने फटीतून पाहिलेलं चित्र तेवढं त्याच्याजवळ राहिलं.

मी मॅनेजरना आत बोलावलं.

“साहेब, तुमच्या कागदावर सही होणार नाही.”

“मॅडम, तुम्ही कबुली देताय! मारलं म्हणून लिहून देणार?”

“काय केलं ते लिहिणार आणि का केलं तेही लिहिणार. तक्रारदाराने डोळ्यांनी पाहिलंय. आपण घडलंच नाही म्हटलं की कौन्सिलची कमिटी त्याच्यावर विश्वास ठेवणार. मग आमची खरी बाजू कोण ऐकेल? आणि डॉक्टर थिएटरमध्ये होते ही गोष्ट तुमच्याच रजिस्टरमधून निघेल.”

“मग हॉस्पिटल सिस्टरांच्या पाठीशी उभं राहील असं समजू नका.”

नसरीन सिस्टर एवढंच म्हणाल्या, “ठीक आहे, सर.” मॅनेजर गेल्यावर मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि बराच वेळ नुसता हातात धरून ठेवला.

डॉक्टरांना मी स्वतः फोन केला. सुरुवातीला ते मॅनेजरचंच वाक्य बोलले. मी म्हटलं, “डॉक्टर, सिस्टर तर खरं लिहिणार आहेत. तुम्ही वेगळं लिहिलंत तर तुम्हा दोघांपैकी एक खोटा ठरेल.” मग म्हणाले, “आतून ऑर्डर मीच दिल्या होत्या. तसं लिहून देतो.” त्यांनी ते दिलं, ही त्यांची मोठी मदत झाली. पण गालावरच्या माराचं आणि बुक्क्यांचं काय? डॉक्टरांनी ते पाहिलंच नव्हतं. दुसरी सिस्टर इंजेक्शनच्या गडबडीत पाठमोरी होती.

“खोलीत आणखी कोण होतं?” मी विचारलं.

“तिची सासू. यमुनाअक्का. बाळंतिणीजवळ घरची एक बाई आम्ही राहू देतो. मी त्यांना कोमलचे पाय धरायला सांगितलं होतं.”

म्हणजे साक्षीदार होता, पण तक्रारदाराची आई! तक्रारीत तिचा साधा उल्लेखही नव्हता. तिला भेटायला जाणं शक्य नव्हतं. समोरच्या पक्षाच्या घरी जाऊन बोललं की दबाव आणल्याचा आरोप होतो आणि तो पुसता येत नाही. वकिलीत शिकवतात, उत्तर माहीत नसेल त्या साक्षीदाराला प्रश्न विचारू नये. मला उत्तर अजिबात माहीत नव्हतं.

“ती मुलाच्या विरुद्ध बोलेल?” मी विचारलं.

“नाही बोलणार,” नसरीन सिस्टर म्हणाल्या. “माझी आई तरी बोलली असती का?” मग म्हणाल्या, “पण त्यांनी पाहिलंय सगळं.”

नोटिशीला दिलेल्या खुलाशात मी शेवटची विनंती लिहिली, की त्या वेळी हजर असलेल्या सासूबाईंचं म्हणणं ऐकून घ्यावं.

सुनावणी ऑनलाइन ठरली. कमिटी मुंबईत, आम्ही दोघी माझ्या ऑफिसात लॅपटॉपसमोर आणि प्रवीण त्याच्या घरी मोबाइलवर. त्याने मोबाइल कशाला तरी टेकवून ठेवला होता. मागे धान्याच्या कोठ्या दिसत होत्या. आत कुठेतरी बाळ रडत होतं.

अध्यक्षा स्वतः नर्सिंगच्या शिक्षिका. त्यांनी सिस्टरांना सरळ विचारलं, “तुम्ही पेशंटच्या गालावर मारलं?”

“हो, मॅडम.”

“किती जोरात?”

“ती जागी राहील इतक्या जोरात.”

मग माझी पाळी आली. उलटतपासणीत साक्षीदाराला कोंडीत पकडायचं असतं असं लोकांना वाटतं. मी तसं केलं नाही. त्या माणसाचा राग खोटा नव्हता.

“प्रवीणभाऊ, दार कितीसं उघडं होतं?”

“चार बोटं. एक बाई ट्रे घेऊन घाईत गेली, तेव्हा दार पूर्ण लागलं नाही.”

“तुम्हाला कोमलताईंचा चेहरा दिसत होता?”

“दिसत होता. पांढराफटक. तो हात सारखा तिच्या तोंडावर पडत होता.” मग तो म्हणाला, “मॅडम, मला वाटलं ती गेली. आणि गेलेल्या बाईला ही मारतेय.”

माझ्या शेजारी नसरीन सिस्टर खाली मान घालून बसल्या होत्या.

“त्या वेळी तुमची आई आत होती?”

“होती. पण तिला काय विचारणार? ती म्हातारी आहे. तिला फक्त अहिराणी येते. तिला यातलं काही समजत नाही.”

तेवढ्यात कोठ्यांच्या बाजूने आवाज आला, “माले कोनी इचारंच नही.”

प्रवीणने वळून पाहिलं. नऊवारीतली एक ठेंगणी म्हातारी स्क्रीनवर अर्धी आली. खांद्यावर बाळ होतं. अध्यक्षांनी विचारलं, “या कोण?” मी म्हटलं, “मॅडम, आम्ही विनंती केली होती त्याच यमुनाबाई असाव्यात.” अध्यक्षांनी प्रवीणला विचारलं, “तुमची हरकत आहे?” तो गोंधळला. “नाही,” म्हणाला. त्याने आईला मोबाइलसमोर बसवलं आणि बाळ स्वतःकडे घेतलं.

अध्यक्षांना अहिराणी येत नव्हती. एक सदस्य म्हणाले, “मी शहाद्याचा. मला समजतं. पण नोंदीसाठी यांच्या मुलानेच मराठीत सांगावं, चुकलं तर मी दुरुस्त करतो.” मला हे पटकन पचलं नाही. तक्रारदाराने स्वतःच्याच विरुद्धच्या साक्षीचं भाषांतर करायचं? पण मी हरकत घेतली नाही.

“आजी, तुम्ही काय पाहिलं?”

यमुनाअक्कांनी पदर सारखा केला. “व्हवना डोया फिरी ग्यात. रगत थांबे ना. हाई बाई गालवर मारे नि सांगे, माय, डोया उघड, जपू नको.”

प्रवीण सांगू लागला. “ती म्हणतेय, सुनेचे डोळे फिरले होते. रक्त थांबत नव्हतं. ही बाई गालावर मारत होती आणि सांगत होती...” तो अडला.

“पुढे?” शहाद्याचे सदस्य म्हणाले.

“...सांगत होती, माय, डोळे उघड. झोपू नको.”

“आणि पोटावर? बुक्क्या मारल्या?”

अक्कांनी मूठ हवेत धरून कणीक मळल्यासारखी दाबून दाखवली. “पीठ मयतस तसं दाबे. घामाघूम व्हई गयथी बिचारी. तिनी मारं नही रे. तिनी वाचाडं.”

शेवटचं वाक्य त्यांनी कमिटीला सांगितलंच नाही, मुलाकडे वळून त्याला सांगितलं. त्याने भाषांतर केलं नाही. गरजही नव्हती.

“मंग तू माले सांगं का नही?” तो आईला म्हणाला. सुनावणी चालू आहे हे तो विसरला होता.

“सांगं व्हतं. तू म्हने, तुले काय समजस.”

बाळ पुन्हा रडायला लागलं. प्रवीणने ते छातीशी धरलं, मान खाली घातली आणि म्हणाला, “मॅडम, मला तक्रार मागे घ्यायचीय.”

अध्यक्षा सौम्यपणे म्हणाल्या, “तक्रार अशी तोंडी मागे घेतली जात नाही. तुमचं म्हणणं नोंदवून घेते. पण तुम्ही पाहिलं ते सांगितलंत, त्यात तुमची चूक नाही. तुम्हाला तेव्हाच कोणीतरी समजावून सांगायला हवं होतं.”

लॅपटॉप बंद केला. नसरीन सिस्टर हलल्याच नाहीत. मी हाक मारली तर म्हणाल्या, “मॅडम, त्यांना मी काय बोलत होते तेसुद्धा लक्षात आहे. मला स्वतःला आठवत नव्हतं.” मग त्या रडल्या. नोटीस आल्यापासून पहिल्यांदाच रडत असाव्यात, कारण रडताना त्या स्वतःच चकित झाल्यासारख्या दिसत होत्या.

निकाल यायला वेळ लागला. तो वेळ वाईट होता. सुनावणी चांगली गेली म्हणून निकाल चांगला येतोच असं नाही, हे मला माहीत होतं. त्या रोज फोन करायच्या आणि मी रोज “अजून नाही” म्हणायचे. शेवटी आदेश आला. गैरवर्तन सिद्ध होत नाही, केलेले उपचार परिस्थितीला धरून होते, तक्रार निकाली. एक सूचना होती, तोंडी ऑर्डर नंतर लगेच नोंदवाव्यात आणि नातेवाइकांना वेळीच माहिती द्यावी.

मी फोनवर वाचून दाखवलं. पलीकडून प्रश्न आला, “म्हणजे काम करू शकते?”

“आजपासून.”

“थांबा, मॅडम, अब्बांना सांगते,” म्हणाल्या आणि फोन चालूच राहिला. मला त्यांचं हिंदी ऐकू येत होतं, सगळं पहिल्यापासून, नोटिशीपासून. अधूनमधून वडिलांचं “या अल्लाह” यायचं. शेवटी म्हातारा मोठ्याने म्हणाला, “तो ये छुट्टी थी तेरी?” आणि दोघं हसायला लागले. मी हळूच फोन ठेवला.

जुन्या हॉस्पिटलात त्या परत गेल्या नाहीत. मॅनेजरनी बोलावलं होतं, चांगल्या शब्दांत बोलावलं होतं. आता जळगावला एका प्रसूतिगृहात आहेत. तिथे काही गंभीर झालं की ड्युटीवरच्या कोणाला तरी त्या दाराबाहेर पाठवतात. रक्त जातंय, आम्ही पोट दाबतोय, ओरडतोय, घाबरू नका, एवढंच सांगायला. कोणी रिकामं नसेल तर हात चालू ठेवून स्वतःच दाराकडे ओरडतात.

त्यानंतर नर्सेसच्या आणखी केसेस आल्या. बहुतेकींच्या हातात तोच कागद असतो, ‘असा कोणताही प्रकार घडलेला नाही’. मी तो बाजूला ठेवते. केलेलं काम नाकारून नर्सला वाचवता येत नाही. ते का केलं हे सांगावं लागतं, आणि शक्यतो माझ्या ऑफिसात येण्याआधी, दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला. तसं झालं तर माझ्याकडे येणारी कामं कमी होतील. होऊ देत.