पोळपाटाची जागा

आई पोळपाट हातात धरून ओट्यापाशी नुसती उभी आहे. हल्ली ती माणसांची नावं विसरते, पण पोळ्या तिच्या अजून गोल होतात. ओट्याचं जुनं लॅमिनेट फारच कळकट दिसायला लागलं, म्हणून परवा मी ते पॉलिश पेपरने घासून पांढरं रंगवलं. पोळपाटाच्या तीन पायांनी पडलेले तीन खळगे तर मी हौसेने लांबी भरून बुजवले.

"कुठे ठेवू गं?" ती विचारते.

आठवण माणसाच्या डोक्यात असते, असं आपण धरून चालतो. तिची एवढी एक ओट्यावर उरली होती.

"इथे ठेव ना," म्हणत मी हात पुढे करते. तो पांढऱ्या रंगावरून नुसताच फिरत राहतो. मलाही ती जागा सापडत नाही.