पडद्यावरची बोटं

आंधळगावचा योगेंद्र भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात हाडांच्या शस्त्रक्रिया शिकत होता. एक्स-रे यंत्र सुरू असतानाही तो किरणांपासून वाचवणारा शिशाचा एप्रन घालत नसे, आणि त्याचीच फुशारकी मारी.

एकदा शस्त्रक्रियेच्या वेळी नवीन आलेल्या डॉक्टर रुपाने एप्रन मागितला.

"एवढी काहून घाबरून राहिली?" तो सगळ्यांसमोर हसला.

ती ओशाळली आणि तशीच रुग्णाचा पाय धरून उभी राहिली. योगेंद्रने पायाने एक्स-रे यंत्राचं बटण दाबलं. पडद्यावर मोडक्या हाडाशेजारी रुपाच्या बोटांची हाडं उमटली. त्याने चटकन पाय उचलला.

"हात काढ, रुपा. जा, एप्रन घालून ये. माझंच चुकलं."

ती परतली, तेव्हा तिच्याकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.