मनकर्णाबाईंचं नाक

प्रणालीनं मला एक कोरी वही आणून दिली. म्हणाली, "काकू, आईंच्या स्वयंपाकाच्या सगळ्या युक्त्या लिहून ठेवा. तुम्ही मास्तरीण, तुम्हाला जमते." प्रणाली म्हणजे माझ्या मोठ्या जावेची सून. माहेर अमरावतीचं, मनानं साधी. आपण कोणाला काय लिहायला सांगून राहिलो, हे तिला काय माहीत! पहिल्या पानावर मी लिहिलं, लोणचं भरण्याआधी बरणीला हिंगाची धुरी द्यावी. दुसरी ओळ काही लिहवेना. गेल्या त्या युक्त्या चुलीत! जे झालं तेच लिहिते. मग तिनं वही फाडली तरी माझी ना नाही.

मनकर्णाबाई माझी मोठी जाऊ. अकोल्यात आमचं एकच घर, खाली त्या आणि वर आम्ही. मी अचलपूरहून लग्न होऊन आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या वरणावरचं झाकण उचललं, वास घेतला आणि झाकण परत ठेवलं. "जिरं जाळलं तू," म्हणाल्या. चाखलंसुद्धा नाही! संध्याच्या हाताला चव नाही, हे त्यांनी अख्ख्या खानदानात जाहीर करून टाकलं, आणि तीस वर्षं जो तो मला तेच ऐकवत राहिला. अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या. पण खोटं कशाला बोलू, जिरं जळलंच होतं.

बाईंचा सगळा कारभार नाकावर चालायचा. माप नाही, घड्याळ नाही. भाकर तव्यावर असायची आणि या दाराकडं तोंड करून मेथी निवडत असायच्या. तिथूनच म्हणायच्या, "पलटव." तुरीच्या डाळीचं पोतं नुसतं उघडून सांगायच्या, हिले ऊन दाखवा, नाही तं पोरकिडे होतीन. गल्लीतल्या बायांचे दिवसभर फोन. मोठाई, दही लागून नाही राहिलं. मोठाई, भाजीत मीठ जास्त झालं. मोठाई म्हणजे मोठी आई. लहानथोर सगळे त्यांना तसंच म्हणत. दह्यात देठासकट मिरची टाक, भाजीत कणकेची गोळी सोड, असं सांगत सांगत त्यांचा स्वतःचा चहा थंड होऊन जायचा.

आणि उन्हाळा तर विचारूच नका. चौदा एप्रिलची जयंती झाली, गल्लीतले निळे झेंडे उतरले, की आमच्या स्लॅबवर कुरडयांची तयारी सुरू. चार घरचे गहू एकत्र भिजायचे. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून गाळायचे. गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, तळाशी पांढराशुभ्र चीक बसतो, तो शिजवायचा आणि साच्यातून लुगड्यावर कुरडया घालायच्या, तेही ऊन चढायच्या आत. पोट्टे सकाळीच ताटल्या घेऊन रांगेत उभे. गरम चिकावर तेल-तिखट घालून खायचं, जीभ पोळली की नाचायचं, मग छत्र्या घेऊन दिवसभर कावळे हाकलायचे. दुपारी आंब्याचा रस. अकोल्याचं ऊन कोणाला हवंसं वाटेल का? पण आमच्या गल्लीतली लेकरं मे महिन्याची वाट पाहायची.

या चिकाची एक गोम आहे. गहू आंबले पाहिजेत, पण कुजले नाही पाहिजेत. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. हातालाही कळत नाही. कळतं फक्त नाकाला, आणि ते नाक सगळ्या गल्लीत एकच होतं.

दुसऱ्या लाटेत आमच्या घरातल्या सगळ्यांना कोरोना झाला. सगळ्यांचा वास गेला. महिन्या-दोन महिन्यांत सगळ्यांचा परत आला. मी समजत होते, बाईंचाही आला. एक दिवस खाली गेले तर घरभर करपलेल्या दुधाचा वास आणि या गंजाशेजारी शांत बसून लसूण सोलून राहिल्या.

"बाई, दूध लागलं नं!"

"हाव का?" म्हणाल्या आणि दुधाकडं न पाहता माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या. तीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, त्यांचा नवरा गेला तेव्हासुद्धा नाही. "संध्या, मले काहीच येत नाही. हिंगाचा नाही, कांद्याचा नाही. चवही नाही, नुसता मातीचा गोळा गिळल्यावानी लागते. मैत्रीच्या डोक्याचा वासबी नाही येत मले." मैत्री म्हणजे त्यांची नात, तेव्हा दोन वर्षांची.

मी म्हणाले, डॉक्टरकडं जाऊ. गेलो. डॉक्टर म्हणाला, काहींचा येतो, काहींचा नाही येत, वाट पाहा. बाहेर आल्यावर बाईंनी माझा हात घट्ट धरला. "संघपालले सांगू नको. गॅसपासून उठवतीन ते मले. चुलीपासून उठवलं तं मी काय करू? मले दुसरं काय येते?"

संघपाल त्यांचा मुलगा. आईवर जीव टाकणारा, आणि म्हणूनच नक्की उठवणारा. मी शब्द दिला.

तेव्हापासून त्यांचं नाक मी झाले. जिन्याच्या तळाशी उभ्या राहून त्या हाक मारायच्या, "संध्या, चाय पिऊन जा वं!" म्हणजे समजायचं, खाली ये आणि वास घे. मी ओट्याशी उभं राहून कपातला चहा प्यायचे आणि त्यांच्याकडं पाहून मान हलवायचे. फोडणी झाली, तर हो. डाळ लागून राहिली, तर नाही. प्रणाली तिथंच असली तरी तिला पत्ता नाही. चार वर्षं आम्ही असं निभावलं. आणि आता खरं सांगते, मला त्यात मजा यायची. जी बाई मला बेचव म्हणायची ती आता माझ्या एका मानेवर उभी होती. मी कधीकधी मुद्दाम उशिरा खाली जायचे.

यंदाही जयंतीनंतर गहू भिजले. वाटायच्या दिवशी चार घरच्या बाया स्लॅबवर जमल्या. मी नेहमीसारखी गव्हाशी वाकले, वास घेतला, बाईंकडं पाहिलं. शेजारची गोदाबाई चाणाक्ष. ती सगळ्यांपुढं म्हणाली, "काय वं मोठाई, आजकाल गव्हाचा वास संध्या घेऊन राहिली? तुमचं नाक कुठं गेलं?"

बाईंचा चेहरा एका क्षणात उतरला. मग हसल्या. "संध्याले काय कळते? शेणाचा अन् शिऱ्याचा वास तिले एकच. तीस वर्षं झाली शिकवून राहिली, अजून पहिलीतच हाय मास्तरीणबाई!"

बाया खो खो हसल्या. गोदाबाई तर पोट धरून हसली. आपलं गुपित झाकायला बाईंनी मला पुढं केलं, हे मला तेव्हाच कळत होतं. पण कळणं वेगळं आणि बायांचं हसणं कानावर पडणं वेगळं. मी तशीच जिना उतरून घरात गेले आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ आलं. ऊन नाही म्हणून बाईंनी चीक आणखी एक दिवस पाण्यात ठेवला. आभाळ आलेलं, वारं नाही आणि उकाडा असा की कूलरही गरम हवा फेकत होता. त्या दिवशी त्यांनी दोनदा हाक मारली, "संध्या, चाय पिऊन जा." मी वरूनच ओरडले, "माह्यी झाली."

तिसऱ्या दिवशी रविवार, ऊन स्वच्छ. सकाळी दारात टकटक झाली. बाई उभ्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून त्या एका दमात जिना चढत नाहीत, पण चढून आल्या होत्या, धापा टाकत. हातात वाटी, वर ताटली. मागून प्रणाली साचा आणि परात घेऊन येत होती, म्हणून तोंडानं काही बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसती ताटली सरकवली आणि वाटी माझ्यासमोर धरली.

कुजका वास. तेवढ्या थंड चिकालाही येत होता. शंकाच नको.

"मले काय कळते बाई?" मी म्हणाले. "मले शेण अन् शिरा एकच."

त्यांनी वाटीवर ताटली ठेवली आणि वर स्लॅबवर गेल्या.

मी वर गेले ते अर्ध्या तासानं. शेगडीवर मोठा गंज चढला होता, बाई उलथण्यानं चीक घाटत होत्या. वाफ निघायला लागली होती. आधी पोट्टे मागं सरकले. "छी! नालीचा वास येऊन राहिला!" एकानं म्हटलं. मग बायांनी नाकाला पदर लावले. कोणी काही बोलेना, मोठाईला कोण बोलणार? बाई घाटत होत्या, घामानं निथळत होत्या, आणि माझ्याकडं पाहत होत्या. पहिली ताटली त्यांनी भरली आणि माझ्यासमोर धरली.

"घे संध्या. कसा झाला, सांग."

मी म्हणाले, "नको. मी चाय पिऊन आली."

त्यांनी ती ताटली स्वतःकडं ओढली, बोटानं घास घेतला आणि खाल्ला. सगळ्यांसमोर. दुसराही खाल्ला. "बरा झाला," म्हणाल्या. मग मैत्रीकडं ताटली केली, तेव्हा प्रणालीनं झेप घालून लेकराचा हात मागं ओढला.

"आई, तुम्हाला वास नाही येऊन राहिला?"

स्लॅबवर तीस माणसं असतील. बाई ताटली धरून तशाच बसल्या होत्या. ओठाला चीक लागला होता, तोही पुसला नाही. गोदाबाईचं हसणं तेवढं त्या दिवशी बंद होतं. चार घरचा चीक नालीत गेला, आणि नाली धुवायला प्रणाली एकटीच उरली.

संघपाल ओरडला नाही. तो रडला. "आई, चार वर्षं? गॅस सुटला असता तर? मैत्री तिथंच खेळते नं!" त्याचं काय चुकलं? काहीच नाही. त्याच संध्याकाळी त्यानं आईला हात जोडून सांगितलं, आता ओट्याशी उभं राहायचं नाही. चार वर्षं मला माहीत होतं, हे बाईंनी एकदाही तोंडातून काढलं नाही. आणि मी मास्तरीण, शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवणारी, भिंतीला टेकून उभी राहिले आणि मीही गप्प बसले.

आता त्या खाटेवर बसून असतात. लसूण आणून दिला तर सोलतात, तेवढंच. फोन येत नाहीत. गोदाबाईनं बचत गटाच्या स्टॉलवरून कुरडयांची पाकिटं आणली, एक आमच्याकडंही दिलं. स्लॅबवर या वर्षी एक लुगडंही पसरलं नाही. पोट्टे घरात मोबाइल घेऊन बसतात. प्रणाली बिचारी ताट वाढून देते, त्या सगळं संपवतात आणि छान झालं म्हणतात. परवा ती वरणात मीठ टाकायचं विसरली होती. तेही छान झालं म्हणाल्या. प्रणाली स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि दुसऱ्या दिवशी ही वही घेऊन माझ्याकडं आली.

काल दुपारी मी खाली गेले. मनात होतं, युक्त्या विचारू, त्यांनाही बरं वाटेल. त्या पंख्याखाली भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. मी वही उघडली. म्हणाल्या, "त्या रायू दे. एक इचारू?"

"इचारा नं बाई."

"त्या दिवशी वाटीवरची ताटली काढली, तवा तुह्यं नाक आकसलं होतं. मी पाह्यलं." त्या उठून बसल्या. "पन ते वासानं आकसलं का रागानं, हे मले समजलं नाही. तू रागावली होतीच, मी बोललीच तशी. म्हटलं, राग असन. वास असता तं संध्या बोलली असती. चीक शिजेलोक तुह्याच तोंडाकडं पाहून राहिली होती मी. म्हटलं, खराब असन तं आता म्हणन, बाई थांबा. आता म्हणन."

मी वही मिटली. पेन हातातच होतं.

"काय होतं मग?" त्यांनी विचारलं. "वास का राग?"

सांगायला पाहिजे होतं. आता तर लपवायलाही काही उरलेलं नव्हतं, जायचं ते सगळं गेलं होतं त्यांचं. तरी माझ्या तोंडातून निघालं, "राग होता, बाई. वास नव्हता आला मले."

त्यांनी मान हलवली. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा जरा सैल झाला. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तेच म्हटलं मी. संध्या असं करनार नाही."