धरायचा दोर

शहाद्याहून नंदुरबारला सर्व्हिस मोटार नवी सुरू झाली, तेव्हा मागच्या बाकापुढे धरायला आडवा दोर बांधलेला असे. एका सकाळी ड्रायव्हरने तो सोडला आणि टपावरची मिरचीची पोती त्याच दोराने आवळली. मी त्याच मागच्या बाकावर होते. पुढे नाल्यात मोटार उसळली आणि माझं कपाळ समोरच्या दांड्यावर आपटून फुटलं.

नंदुरबारला मोटारीचा मालक म्हणाला, "निघतानाच सांगितलं होतं, धरून बसा. आमची जबाबदारी तिथंच संपली."

पदराने रक्त पुसत मी म्हटलं, "दोर तं वर पोतास्ले बांधेल शे. मी काय धरू, तुन्ही मुंडी?"

दोर खाली येईपर्यंत मी मोटारीपुढून हलले नाही. परतीच्या खेपेला तो बाकापुढे होता, आणि मालक माझ्यापासून चार हात लांब.